अध्यक्ष शिकून आले

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचे अध्यक्ष गेल्या ऑगस्टात नेतृत्व विकास शिबिराला जाऊन आले. तीन दिवस, दोन रात्री, शहराबाहेरचं हॉटेल, एसी हॉल. परतताना एक फाइल, एक पेन, एक प्रमाणपत्र आणि ‘स्वॉट’ नावाचा शब्द घेऊन आले. तिथे म्हणे वर्तमानपत्राच्या कागदांचा मनोरा उभा करायला लावला होता. ज्या गटाचा मनोरा सगळ्यात उंच, तो गट पहिला. आमच्या अध्यक्षांचा गट पहिला आला. कसा, असं विचारलं तर म्हणाले, “त्यात काय अवघड? शेजारच्या टेबलावरची दोन माणसं फोडली. येताना आपापले कागद घेऊन आली.”

आता या माणसाला व्यवस्थापन शिकवायची हिंमत कोण करतंय?

21 जागांचं पॅनेल लावताना कुठलं गाव नाराज आहे, कुठल्या भावकीत बांधावरून बोलणं बंद आहे, कुणाला ऊसतोडीची टोळी लवकर हवी आहे आणि कुणाच्या पोराला कारखान्यात चिकटवायचं राहिलंय, हे सगळं ज्याच्या डोक्यात पाठ असतं, त्याला ‘टीम बिल्डिंग’वर दीड तासाचं सत्र! माशाच्या पिलाला पोहायला शिकवायचं, तेही पॉवरपॉइंट लावून.

शिकवण्याचा हंगाम मात्र जोरात आहे. 2025 साली संसदेनं कायदा करून आणंदच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचं सहकार विद्यापीठ केलं. पाच वर्षांत 20 लाख लोकांना प्रशिक्षण द्यायचा बेत आहे. विद्यापीठाला नाव आणंदच्या दूध संघाचे अध्यक्ष राहिलेल्या त्रिभुवनदास पटेलांचं, आणि ते शोभतंही. पण त्रिभुवनदासांनी व्यवस्थापनाचा कुठला अभ्यासक्रम केला होता? त्यांची करामत एवढीच, की वर्गीस कुरियन नावाचा एक इंजिनिअर पगारावर ठेवला आणि त्याला काम करू दिलं. शेतकऱ्यांना एकत्र धरायचं काम अध्यक्षाचं, डेअरी चालवायचं मॅनेजरचं. आमच्याकडे कार्यकारी संचालक फाइल घेऊन बंगल्याच्या ओट्यावर बसतो आणि आधी ड्रायव्हरला विचारतो, “साहेबांचा मूड कसाय?” यावर कुठल्या शिबिरात सत्र असेल तर कळवा, मी फी भरतो.

प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या हाती मोठ्या पदव्या नव्हत्या. त्यांनी पुण्याच्या धनंजयराव गाडगिळांना, म्हणजे गोखले संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञाला, पहिलं अध्यक्ष केलं. प्राध्यापक शिवारात आले. आता शिवार हॉटेलात जातं आणि बुफेच्या रांगेत सूपचा वाडगा हातात धरून भाकरी शोधतं.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोष्ट जरा वेगळी. तिथे शिकवण्याची गरज खरोखर आहे. 2020 साली केंद्राची अशा 10,000 उत्पादक संस्थांची योजना सुरू झाली. तीत कंपनीच्या सीईओसाठी महिना 25,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. तीही तीनच वर्षं. एवढ्यात एमबीए मिळत नाही, पुतण्या मिळतो. पुतण्या वाईट नसतो हो, पण वार्षिक विवरणपत्रं भरायची राहून जातात. कंपनी कायद्यात उशिराचा भुर्दंड एका फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म वर्षभर झोपून राहिले की 73,000. तीन वर्षं झोपले तर संचालकच अपात्र. आणि शिबिरात या कंपन्यांच्या संचालकांना शिकवतात काय, तर ब्रँडिंग. लोगो कसा हवा, कणीस डावीकडे की उजवीकडे.

या सगळ्या गर्दीत एक विद्यार्थी कुणाला आठवत नाही, तो म्हणजे सभासद. सहकार कायद्याच्या कलम 24अ मध्ये सभासदाच्या शिक्षणाचाही उल्लेख आहे. त्याचं शिक्षण होतं वार्षिक सभेत. सप्टेंबर संपायच्या आत सभा उरकायची असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच लोकांत पुन्हा भरते, आणि आता गणपूर्तीची गरज नसते. मग विषय एक मंजूर, विषय दोन मंजूर. जाडजूड अहवाल मिळतो. त्यातले फोटो लोक नीट बघतात, कारण कोण कुणाशेजारी उभं आहे यावरून पुढचं राजकारण कळतं. ताळेबंद मागच्या पानांवर बारीक टायपात असतो.

गेल्या सप्टेंबरच्या सभेत मागच्या रांगेतला एक पोरगा ती पानं उघडून उभा राहिला. हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर. म्हणाला, “2024-25 ची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,400. वर दर 0.1 टक्क्याला 33 रुपये 20 पैसे. आपला उतारा शेजारच्या कारखान्यापेक्षा 1 टक्क्यानं कमी. ऊस एकाच नदीकाठचा, जात एकच. टनाला 332 रुपये गेले. माझा ऊस 60 टन, म्हणजे 19,920 रुपये. इथेनॉलला जे मोलॅसिस वळवलं, त्यातली साखर उताऱ्यात कुठे धरलीय ते दाखवा. आणि तोडणी-वाहतुकीची कपात त्यांच्यापेक्षा जास्त का?”

मांडव गप्प. पुढच्या रांगेतल्या दोन संचालकांनी मान वळवून पोरगा कुणाचा ते बघून घेतलं.

पूर्वीचे अध्यक्ष असते तर गरजले असते, “कुणाच्या सांगण्यावरून बोलतोस?” पण हे शिकून आलेले. चेहऱ्यावर हसू. माईक जवळ घेतला.

“फार सुंदर प्रश्न आहे. मी त्याचं स्वागत करतो. हा प्रश्न आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू.”

पोरगा बावचळून मांडवाबाहेर लावलेल्या गाड्यांकडे बघायला लागला. तेवढ्यात स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं आणि सगळे उभे राहिले. तो तर आधीच उभा होता.