आपल्या गड्याचा हिशोब कसा ठेवावा

झहीर खान श्रीरामपूरचा, हे जगाला माहीत आहे. तो आपल्या बेलापूरचा कसा, हे सिद्ध करणं ही चाहतेगिरीच्या अभ्यासक्रमातली पहिली आणि सगळ्यात सोपी पायरी. श्रीरामपुरात उतरायचं असेल तर दौंड-मनमाड मार्गावरच्या ज्या स्टेशनाचं तिकीट काढावं लागतं, त्याचं नाव बेलापूर. स्टेशन श्रीरामपुरात, पाटी बेलापूरची. तर मग ज्या गावात बेलापूर स्टेशन आहे, त्या गावात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेला मुलगा कुठला म्हणायचा? एखादा चिकित्सक म्हणेल की खरं बेलापूर तर तिथून काही किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठाला आहे. त्याला विचारायचं, ‘तुम्ही नवी मुंबईच्या बेलापूरचे का?’ तो ते नाकारण्यात गुंततो आणि झहीर आपल्या नावावर चढतो.

अजिंक्य रहाणेचं काम त्याहून सोपं. जन्म ६ जून १९८८, आश्वी खुर्द, तालुका संगमनेर. आश्वी प्रवरेकाठी, बेलापूरही प्रवरेकाठी, आणि पाणी वरून खाली येतं. पुरावा संपला. तो वाढला डोंबिवलीत, असं डोंबिवलीकर सांगतील. सांगू द्या. त्यांची नदी वेगळी.

गडी आपला ठरला की खरी मेहनत सुरू होते. बाहेरच्या लोकांचा समज असा, की चाहता डोळे मिटून बसलेला असतो. हे काम डोळे मिटून होत नाही. चाहत्याला इतरांपेक्षा जास्त बारकाईनं बघावं लागतं, आणि बघणं नेमकं कुठे थांबवायचं तेही कळावं लागतं. दुसरा भाग जास्त अवघड आहे. त्याचा सराव २ एप्रिल २०११ च्या सामन्यावर करावा.

वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना, श्रीलंका फलंदाजीला. झहीरची पहिली पाच षटकं : तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. उपुल थरंगाला वीस चेंडूंत दोन धावा, मग स्लिपमध्ये सेहवागच्या हातात झेल. आता वही मिटा. खरंच मिटा, पेन खिशात घाला. कारण त्याच सामन्याच्या कागदावर झहीरचे आकडे १० षटकं, ३ निर्धाव, ६० धावा, २ बळी असे छापलेले आहेत. उरलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या आणि डावाच्या अगदी शेवटच्या चेंडूवर थिसारा परेराने षटकार मारला. बेलापुरात या दुसऱ्या पाच षटकांना ‘नंतर थोडा मार पडला’ असं म्हणतात. ‘थोडा’ हा शब्द वगळू नये. पहिल्या पाच षटकांचं वर्णन मात्र चेंडूगणिक करावं. चेंडू कसा हलवला, थरंगा कसा गोंधळला, हे सांगताना हात वापरावेत, आणि चहा येईपर्यंत चौथ्या षटकाच्या पुढे जाऊ नये.

इथे नवशिके चूक करतात. ते पुढच्या पाच षटकांबद्दल खोटं बोलतात. खोटं बोलायची गरजच नाही. सहा धावा खऱ्या, तीन निर्धाव खरी, बळी खरा. फक्त हिशोबाची रेघ कुठे मारायची एवढं आपल्या हातात असतं, आणि तेवढं पुरतं.

आता अवघड पाठ. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा, एकूण सात षटकांत ६७ धावा आणि बळी शून्य. इथे रेघ मारायला जागाच सापडत नाही, कारण वाईट पहिल्या षटकापासूनच सुरू झालं. अशा वेळी हिशोब सोडून द्यावा आणि कारणांकडे वळावं. नाणेफेक जिंकून गोलंदाजी कुणी घेतली? गांगुलीने. पोरगं होतं केवढं? चोवीस वर्षांचं. शिवाय त्या स्पर्धेत त्याचे १८ बळी होते, ते विसरलात काय? हा नियम पाठच करून ठेवा : चांगलं झालं तर ती त्याची जात, वाईट झालं तर ती परिस्थिती. समोरच्या संघाच्या खेळाडूला हाच नियम उलटा करून लावायचा. पाँटिंगने त्या दिवशी नाबाद १४० केल्या, ती खेळपट्टी होती.

एकच कारण दोन्ही कामांना वापरता येतं, हे फार थोड्यांना सुचतं. २००७ साली ट्रेंट ब्रिजला झहीर फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर कुणीतरी गोळ्या टाकून ठेवलेल्या. चॉकलेट-गोळ्यांतल्या गोळ्या. गडी भडकला, आणि दुसऱ्या डावात त्याने ७५ धावांत ५ बळी काढले. सामना आपण जिंकलो. निष्कर्ष : राग आला की झहीर पेटतो. पण २००३ च्या त्या पहिल्या षटकातही गडी तापलेलाच होता. निष्कर्ष : रागाने लय बिघडली. दोन्ही वाक्यं शांतपणे, एकाच संध्याकाळी, एकाच ओट्यावर बसून म्हणता आली पाहिजेत. म्हणताना कुणाच्या तोंडाकडे बघू नये.

मानसशास्त्रवाले याला पुष्टीपूर्वग्रह म्हणतात. पीटर वेसन नावाच्या इंग्रज संशोधकाने १९६० साली लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं, यामागचा नियम ओळखा. हवे ते तीन आकडे मला विचारून बघा, बसतात की नाही ते मी सांगतो. बहुतेकांनी ‘दोन-दोनने वाढतात’ असं मनात धरलं आणि ८, १०, १२ विचारलं. बरोबर. २०, २२, २४? बरोबर. आपला अंदाज मोडेल असं काही विचारायला फारसं कुणी धजावलं नाही. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. १, २, ७९ सुद्धा चाललं असतं. बिचाऱ्या वेसनने हा माणसाचा दोष मानला. आपण पद्धत मानावी. ‘२०११ च्या विश्वचषकात सर्वाधिक बळी कुणाचे?’ झहीरचे, २१. बरोबर. इथे थांबावं. ‘अजून कुणाचे २१ होते का?’ असं विचारलं तर शाहिद आफ्रिदीला ओट्यावर बसायला जागा द्यावी लागते.

प्रश्न निवडण्याची ही कला फलंदाजीतही चालते. डिसेंबर २००० मध्ये जोधपूरला झिम्बाब्वेविरुद्ध झहीरने हेन्री ओलोंगाला सलग चार षटकार मारले. ‘मारले की नाही?’ एवढंच विचारावं. ‘सामना कोण जिंकलं?’ हा प्रश्न झिम्बाब्वेवाल्यांनी विचारायचा. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला झहीरने अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ केल्या. दुसऱ्या बाजूला सचिन नाबाद २४८ वर होता, पण आकडे वेगवेगळे सांगण्यात शोभा नाही. त्या डावात सचिन आणि झहीर यांनी मिळून ३२३ केल्या, असं सांगावं. बेरीज अचूक आहे.

रहाणेसाठी भागाकार टाळावा. कसोटी कर्णधार म्हणून तो एकदाही हरला नाही. चार विजय, दोन अनिर्णित. म्हणजे सामने सहा. पण सहा हा आकडा ओट्यावर उच्चारू नये, ‘एकदाही नाही’ म्हणावं, तो आकडा आपोआप मोठा वाटतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला त्याच्या हाकेवर धावून कोहली ७४ वर धावबाद झाला, हे एखादा काढतोच. त्यावर चिडू नका. पुढच्याच कसोटीत मेलबर्नला रहाणेने ११२ केल्या आणि जडेजाच्या नादात स्वतः धावबाद होऊनही तक्रार केली नाही. पहिला प्रसंग अपघात, दुसऱ्यात माणूस कळतो. मधे ३६ धावांत आपला डाव आटोपला होता. तो डाव कोहलीच्या कर्णधारपदाखाली होता, एवढं हलक्या आवाजात नोंदवून पुढे सरकावं.

ओट्यावर हल्ली एक नवीन संकट येऊन बसतं : मोबाईलवर धावफलक उघडणारं पोरगं. आपण रंगात आलेलो असतो आणि ते मधेच म्हणतं, ‘आजोबा, साठ दिल्या होत्या.’ त्याच्यासाठी दोन वाक्यं खिशात ठेवावीत. आकडे विरोधात असतील तर, ‘बाळा, क्रिकेट काय कागदावर खेळतात काय?’ आकडे आपल्या बाजूचे असतील तर, ‘बघ तुझ्या मोबाईलमध्ये, आकडे खोटं बोलत नाहीत.’ खिसे मात्र वेगवेगळे हवेत. एकदा घाईत दोन्ही वाक्यं एकदम बाहेर आली की पोरगं आयुष्यभर विसरत नाही.

चित्रफितीला तर अजिबात घाबरू नये. १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांची फुटबॉलची लढत झाली. एका बाजूच्या नामांकित खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवून डार्टमथच्या चुका मोजायला लावल्या. प्रिन्स्टनच्या पोरांनी सरासरी ९.८ मोजल्या, डार्टमथच्या पोरांनी ४.३. हे १९५४ साली छापून आलं आणि आजही शिकवलं जातं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे डार्टमथचा एक माजी विद्यार्थी. त्याला फिल्म पाठवली तर त्यात आपल्या संघाची दांडगाई काही दिसेना. त्याने तार केली, की फिल्ममधला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानाच्या टपालाने पाठवून द्या, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे. असा माणूस बेलापूरला जन्मायला हवा होता.

आपल्याकडे ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्याच जिल्ह्याच्या गावी, अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर रंगली. गादीवरच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. वाद पेटला, राक्षेने पंचांना लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. मोहोळ पुढे केसरी झाला. त्या क्षणाची क्लिप जिल्ह्यात ज्या वेगाने फिरली, त्या वेगाने कालव्याचं आवर्तनही शेतात पोचत नाही. प्रत्येक तालमीत ती अंगठ्याने थांबवली गेली. एका तालमीत थांबवलेल्या चित्रात खांद्याखाली बोटभर फट, दुसऱ्या तालमीत खांदा गादीला चिकटलेला. क्लिप एकच, अंगठे वेगळे. म्हणून एक सूचना : क्लिप दाखवताना मोबाईल समोरच्याच्या हातात देऊ नये. अंगठा आपलाच हवा.

मत बदलायची वेळ आली तर? हार्दिक पंड्याचं उदाहरण आहेच. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहितच्या जागी तो मुंबईचा कर्णधार म्हणून आला तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. २९ जूनला त्याने टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. हुर्यो करणारं कुणीही आता सापडत नाही. ‘मी तर तेव्हाच म्हणत होतो’ असं म्हणावं. तेव्हा नेमकं काय म्हणत होतो, ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. राहिला त्या षटकातला सूर्यकुमारचा झेल. सीमारेषेची गादी सरकली होती का, याची चर्चा दक्षिण आफ्रिकेत करावी. इथे काय संबंध?

या सगळ्या पाठांनंतरही एखाद्या दिवशी आपला पुरावा कमी पडतो. त्या दिवसासाठी एक सामना राखून ठेवलेला आहे, आणि तो झालाच नाही हे त्याचं वैशिष्ट्य. जुलै २०११, लॉर्ड्स, पहिला दिवस. झहीरने १३.३ षटकांत १८ धावा देऊन दोन्ही सलामीवीर काढले, आणि मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला. मालिकेत परत चेंडू टाकला नाही. आपण ती ४-० अशी हरलो. म्हणजे चौदाव्या षटकाचा चौथा चेंडू झहीरने टाकलेला नाही, आणि तो पुढची सगळी वर्षं चाहत्याने टाकायचा आहे. टप्पा आपला, वळण आपलं, पंचही आपलेच. पीटरसनने त्या डावात नाबाद २०२ केल्या असं पुस्तकात लिहिलंय. बेलापुरात तो अजूनपर्यंत तिशीच्या पुढे गेलेला नाही.