घरबसल्या मिश्र युद्धकला : ग्रंथाभ्यासी साधकांसाठी सूचना

युद्धकला गुरूकडूनच शिकावी, हा एक जुना गैरसमज आहे. गुरू पहाटे पाचला बोलावतो, फी घेतो आणि वर आपल्यालाच मारतो. ग्रंथ यांतले काही करत नाही. शिवाय गुरूला बहुधा एकच पद्धत येत असते. ग्रंथांचे तसे नाही. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांपुढे दुपारभर उकिडवे बसायची तयारी असली की कराटे, जूडो, बॉक्सिंग आणि कुंग फू एकाच पिशवीतून घरी येतात. आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या चुलतभावाने, गिरगावातल्या चाळीत ही विद्या अशीच आणली. पुढच्या सूचना त्याच्या साधनेवरून बांधल्या आहेत.

ग्रंथसंग्रहात ब्रूस लीचे ‘ताओ ऑफ जीत कुन डो’ असलेच पाहिजे. 1970 साली पाठीला दुखापत होऊन लीला सक्तीने अंथरुणावर पडावे लागले, तेव्हा त्याने वह्याच्या वह्या भरल्या. 1973 मध्ये तो गेला आणि 1975 मध्ये त्याच्या टिपणांचे हे पुस्तक निघाले. जो ग्रंथ आडवे पडून लिहिला गेला तो आडवे पडूनच वाचावा, हा दादाचा निष्कर्ष. तो त्याने कसोशीने पाळला. ली म्हणतो, बॉक्सिंग असो, फेन्सिंग असो की कुंग फूतले विंग चुन, उपयोगी तेवढे घ्या, बाकीचे सोडा. दादाने सोडण्यापासून सुरुवात केली.

मिश्रणाला कोणी नवे खूळ म्हटले तर त्याच्यापुढे बार्टन-राइट ठेवावा. बंगळूरला जन्मलेला आणि जपानात राहून आलेला हा इंग्रज इंजिनियर. त्याने जुजुत्सू, बॉक्सिंग, फ्रेंच पद्धतीच्या लाथा आणि फिरायला नेण्याची काठी यांची मिसळ करून तिला ‘बार्टित्सू’ नाव दिले आणि 1899 पासून ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये फोटोंसकट छापले. मोरिआर्टीच्या मिठीतून आपण याच विद्येने सुटलो, असे खुद्द शेरलॉक होम्स सांगतो. घरच्यांना एवढा पुरावा पुरतो. देशी पुरावा हवाच असेल तर बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडी ‘व्यायाम ज्ञानकोश’ आहे. त्यातला एक खंड दादाकडे होता. तो उघडत नसे, सरळ हाताने तोलून धरत असे. संग्रहातल्या ज्या पुस्तकाने त्याच्या अंगात खरोखर काही ताकद आली, ते हेच.

पवित्रा. इथे ग्रंथांचे आपसात पटत नाही. कराटेचे पुस्तक म्हणते, पाय लांब टाका, पुढचा गुडघा वाकवा, भार पुढे द्या. बॉक्सिंगवाला म्हणतो, डावा पाय पुढे आणि मागची टाच उचललेली. ली उजव्या हाताच्या माणसाला उजवी बाजू पुढे करायला सांगतो. विंग चुनमध्ये तर गुडघे आणि चवडे दोन्ही आत. साधकाने कोणाचाच अवमान करू नये. दादा चारही एकत्र करून गॅलरीत उभा राहिला की शेजारचे लोक त्याला सार्वजनिक संडासाच्या रांगेत पुढे जाऊ देत.

फोटो. पहिल्या फोटोत हल्लेखोर उभा असतो, दुसऱ्यात जमिनीवर. मधले सगळे बाइंडिंगमध्ये गेलेले असते. आणि खरी गोम नेमकी मधलीच! माणूस पाडण्याआधी त्याचा तोल मोडावा लागतो. तो मोडला की पाय लावणे हा नुसता उपचार, न मोडताच पाय लावला तर आपणच पडतो. तालमीत पट काढायला शिकवताना डोके कुठे लावायचे ते वस्ताद आपली मान धरून दाखवतो. पुस्तकाला मान धरता येत नाही, ही त्याची मोठी उणीव.

प्रतिस्पर्धी वयाने लहान आणि नात्यातला असावा. ती जागा माझ्याकडे होती. पुस्तकातला हल्लेखोर एकच ठोसा मारतो आणि पुढचे तीन फोटो हात तसाच लांब ठेवून थांबतो. मी हात मागे घेतला की दादा ओरडे, “अरे, हात कुठे नेलास? तिथेच ठेव!” जूडोची कोडोकान शाळा स्थापणाऱ्या कानोंनी खुल्या झटापटीच्या सरावावर एवढा भर दिला, तो उगाच नव्हे. जूडोच्या पुस्तकातले ते प्रकरण दादाने पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले होते. केले कधीच नाही.

मूठ वळताना अंगठा बाहेर, मनगट सरळ. भिंतीवर मारू नये, पलीकडे बिऱ्हाड असते.

आरोळी दुपारी दोन ते चार बंद.

पडणे मात्र आधी शिकावे, आणि हे गंभीरपणे सांगतो. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोके आपटत नाही, पडता पडता तळहात आणि कोपरापर्यंतचा हात एकदम जमिनीवर थापटायचा, आणि काही झाले तरी मागे हात टेकायचा नाही, मनगट मोडते. गाद्या अंथरून दादाने हे माझ्याकडून इतके घोटून घेतले की चर्नी रोडच्या ओल्या फलाटावर पाय घसरला तेव्हा हनुवटी आपोआप आत गेली. उठलो, डबा शोधला, गाडीही मिळाली. संध्याकाळी फोन केला तर म्हणाला, “ते ठीक आहे रे, पण हात थापटलास ना?”

शेवटची सूचना, ग्रंथ उसना देऊ नये. लीच्या ‘फायटिंग मेथड’चे चार भाग आहेत. तिसरा भाग चाळीतल्या एका गृहस्थाने वाचायला म्हणून नेला, तो गेलाच. त्यामुळे दादाचे प्राथमिक शिक्षण झालेले आहे, प्रगतही झालेले आहे, मधले तेवढे राहिले. ते गृहस्थ हल्ली डोंबिवलीला असतात. जाऊन पुस्तक मागून आण, असे वहिनी दर दिवाळीच्या आवराआवरीत सांगते. पण दादा जायला कचरतो, कारण तिसरा भाग त्या माणसाने वाचलेला आहे.