प्रेसवाले काका

आमच्या भोपाळच्या मराठी मंडळात गॅसचं सिलिंडर हलवायची वेळ आली, की सगळे काकांकडे बघतात आणि काका पंख्याकडे.

पहिल्या भेटीत त्यांनी "को खां, कसं काय?" अशी अस्सल भोपाळी-मराठी सलामी दिली आणि माझा हात दाबत म्हणाले, "आपण प्रेसचे चॅम्पियन!" मी भाबडेपणानं विचारलं, "कुठल्या पेपरात होतात?" पुढचा पाऊण तास माझा हात त्यांच्याच ताब्यात होता.

वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी स्नॅच आणि क्लीन अँड जर्कच्या जोडीला प्रेसही असे. खांद्यापर्यंत आणलेला बार गुडघे न वाकवता नुसत्या दंडांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. पण खेळाडू इतके मागे कलू लागले, की हे उभे आहेत की आडवे, हेच पंचांना ठरवता येईना. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस बाद झाली. "नेमका तेव्हाच माझा फॉर्म आला होता," काका म्हणतात. ही बातमी भोपाळहून कुणीतरी वर पोचवली, असा त्यांना वहीम आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं सुवर्ण एका किलोनं हुकलं, तेव्हा सांत्वन आम्ही काकांचं केलं.

यंदा मंडळाच्या गळक्या छपरासाठी निधी जमवायचा होता. १७३७ साली बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडलं आणि पुढच्याच महिन्यात त्याच्याकडून पन्नास लाख कबूल करून घेतले. आम्हाला पन्नास हजार जमेनात. शेवटी चिटणिसांनी युक्ती काढली : काका वजन उचलतील, प्रत्येक सभासदानं किलोमागे दहा रुपये द्यायचे. काकांची पंचाहत्तरी उलटलेली पाहून सर्वांनी आनंदानं सह्या केल्या.

काका पट्टा आवळून आले. तळहातांना मॅग्नेशियमची पूड चोळली. "काका, नुसता बारच उचला हो, तब्येतीला जपा," पहिल्या रांगेतून माया उतू गेली. नुसता बार वीस किलोचा, म्हणजे दोनशे रुपये. काकांनी दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या हिरव्या चकत्या चढवल्या. मायेचा आवाज बसला.

बार खांद्यापर्यंत आला. मग सावकाश, गुडघे ताठ ठेवून, वर गेला. प्रेस! पन्नास वर्षांपूर्वी बाद झालेली, पण काकांच्या दंडांना ते कुणी कळवलंच नव्हतं.

टाळ्या थांबल्या तरी बार वरच. काका पंचांच्या 'डाऊन'ची वाट बघत होते. पंच नव्हतेच आणि सभासद हिशेबात गुंतलेले. अखेर खजिनदार पावतीपुस्तकातून मान वर न काढता ओरडले, "चारशे!" तोच इशारा समजून काकांनी बार खाली ठेवला.

कार्यक्रमानंतर मसालेभाताचं सिलिंडर संपलं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे बघत म्हणाले, "किलोमागे किती?"