पर्लकोट्याकाठी पन्ना कोट्टा

‘गडचिरोलीला पाठवीन’ ही महाराष्ट्रातल्या सरकारी नोकराला घालायची शेवटची धमकी. त्यापुढची कुणी शोधून काढलेली नाही. मला ती कुणी घातली नाही, बदलीचा कागद सरळ हातात आला. सांगलीच्या घरी आईनं देव पाण्यात ठेवले. इथं येऊन पहिला पावसाळा पाहिला तेव्हा कळलं, की भामरागडात देवांचं वेगळं काही करावं लागत नाही. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती अशा तीन नद्या इथं भेटतात, आणि पुरात त्या भेटायला गावात येतात. २०१९ साली तर त्या पुन्हा पुन्हा आल्या.

एवढी प्रस्तावना एवढ्यासाठी, की फोनवर भाची म्हणाली, “मामा, पन्ना कोट्टा कर,” तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं ते ‘पर्लकोटा’.

“काय झालं पर्लकोट्याला?” मी ओरडलो. आमच्या इथं फोनवर ओरडावंच लागतं. शाळेच्या मागे एक ठरावीक दगड आहे, त्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की तीन मिनिटं बोलता येतं. चौथ्या मिनिटाला पलीकडचा माणूस रोबो होतो.

“पर्लकोटा नाही रे, पन्ना कोट्टा! गोड पदार्थ. इटालियन. लिंबाचा कर. पाच मिनिटांचं काम आहे.”

भाची इटलीत तोरिनोला शिकते. तोरिनो म्हणजे पिएमोंते प्रांताची राजधानी, आणि पन्ना कोट्टाचं माहेरही पिएमोंतेच. आल्प्सच्या पायथ्याशी गाई, गाईंना गवत, म्हणून साय, म्हणून हा पदार्थ, असा सरळ हिशेब. इटालियनमध्ये पन्ना म्हणजे साय आणि कोट्टा म्हणजे शिजवलेली. शिजवलेली साय! एवढं मोठं नाव घेऊन फिरणारा पदार्थ घरी आल्यावर इतका साधा निघावा, याचं मला बरं वाटलं. आपल्या बासुंदीला शिस्त लावून वाटीच्या आकारात बसवलं की झाला पन्ना कोट्टा.

लिंबाचं म्हणाल तर मूळ माल आपल्याच बाजूचा. लिंबाच्या कुळाची मुळं ईशान्य भारताच्या आसपासची, अरबांनी ते फळ सिसिलीत नेलं, आणि त्यांचं ‘लिमोने’ आणि आपलं ‘लिंबू’ हे शब्दही चुलत भाऊ. (हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “मामा, प्रत्येक गोष्ट आपण शोधली असं म्हणायचं सोड.” तेवढ्यात तिचा रोबो झाला.) शिवाय दूध आणि आंबटगोड फळ ही जोडी विदर्भाला नवी नाही. नागपूरची संत्राबर्फी काय वेगळं करते? फरक एवढाच, की संत्राबर्फी खोक्यात बसून प्रवास करते आणि पन्ना कोट्टा जागेवरून हलला की थरथरतो.

पाच मिनिटांच्या त्या कामाला मला पाच महिने लागले.

भाचीनं पार्सल पाठवलं होतं. त्यात जिलेटिनची पानं होती, पतंगाच्या झिलेटिनसारखी पारदर्शक, खरखरीत. इटलीत त्यांना ‘कोल्ला दि पेशे’ म्हणतात, म्हणजे माशाचा डिंक. आता तो माशाचा नसतो, बहुतेक डुकराच्या कातड्यापासून करतात, नाव मात्र माशाचं राहिलंय. हे मी आईला सांगितलं नाही. साय आलापल्लीहून मागवली. आलापल्ली इथून सुमारे ६५ किलोमीटर, वाट सागवानाच्या जंगलातून. तिथल्या दुकानदाराला ‘क्रीम’ म्हटल्यावर त्यानं आधी तोंडाला लावायचं काढलं, मग पायाला लावायचं, आणि तिसऱ्या खेपेला खायचं. क्रीमचा बंद डबा फोडेपर्यंत फ्रिजवाचून टिकतो, हा आमच्यासारख्यांवर विज्ञानाचा मोठाच उपकार.

चैत्र होता. पहाटे मोह वेचायला बायका रानात, सकाळची शाळा, आणि दहा वाजता पत्र्याखाली बसवत नाही अशी काहिली. मी निम्मं दूध, निम्मी साय, साखर असं उकळायला ठेवलं आणि उकळी फुटल्यावर मोठ्या आत्मविश्वासानं दोन लिंबं पिळली.

मराठी घरात वाढलेल्या माणसाचा हात ते करताना थांबायला हवा होता. दूध नासू नये म्हणून आपण काय काय करतो! दुधाच्या पातेल्याशेजारी चिरलेलं लिंबू ठेवणाऱ्याला आमच्या आजीनं घराबाहेर काढलं असतं. पण पदार्थ परदेशी, तेव्हा त्याचे नियमही परदेशी असतील असं मी धरून चाललो. केसीन नावाचं दुधातलं प्रथिन मात्र पासपोर्ट पाहत नाही. आंबट लागलं, की ते गोळा होतं. दोन मिनिटांत पातेल्यात वर हिरवट पाणी आणि खाली पनीर. नुसती साय असती तर कदाचित निभावलं असतं, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिन थोडं. दुधानं घात केला. ते पनीर मी साखर घालून आटवलं आणि कलाकंद म्हणून शाळेत वाटलं. मुलांनी परत मागितलं, म्हणजे पदार्थ फसला हे फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला लिंबं संपली होती, आणि उन्हाळ्यात लिंबाचा भाव विचारायची सोय नसते. शेजारची आजी तिच्या चौथीतल्या नातवाला घेऊन ओसरीवर बसली होती. आजी माडिया बोलते, मी मराठी, आणि मधला पूल म्हणजे नातू. हा पूल बारमाही चालू असतो.

“आंबट पायजे ना गुरुजी? मुंग्या आहेत ना जी,” नातू म्हणाला.

लाल मुंग्यांची चटणी मी खाल्लेली होती. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या या मुंग्या मीठ-मिरचीबरोबर वाटतात, आणि जिभेवर येते ती थेट लिंबाची आंबट चव. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. डेन्मार्कमध्ये लिंबू पिकत नाही, म्हणून कोपनहेगनच्या नोमा या जगप्रसिद्ध हॉटेलात आंबटपणासाठी ताटात मुंग्या आल्या, आणि लोकांनी त्यासाठी महिनोन् महिने आधी टेबलं राखून ठेवली. आजीला हे सांगितलं. तिनं नातवाकडून एवढंच विचारलं, की त्यांच्याकडे पाटा आहे का. पन्ना कोट्ट्यात मुंग्या घालायचं धैर्य मला झालं नाही. आपण तसे भित्रेच.

लिंबं नंतर मिळाली, आणि तोवर मीही थोडा शहाणा झालो होतो. लिंबाचा आंबटपणा रसात असतो, पण वास सालीत. सालीच्या वरच्या पिवळ्या पापुद्र्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, आणि तेल विरघळतं स्निग्धात. म्हणजे सालीचा कीस कोमट सायीत तासभर ठेवला, की साय तो वास आपणहून ओढून घेते. रसाची गरजच नाही, नासायचं भय नाही. इतकी देखणी गोष्ट मला पन्नाशीत कळली, याची खंत वाटली. अडचण एकच. इटलीतल्या लिंबाची साल जाड, बोटभर दाब सोसणारी, आणि आपलं लिंबू कागदी. नावातच कागद. किसणीवर दोनदा घासलं की पिवळं संपून पांढरं लागतं, आणि पांढरं लागलं की पदार्थ कडू. सहा लिंबं किसून चिमूटभर कीस निघाला, आणि त्यात थोडा माझ्या अंगठ्याचाही असावा.

मग क्वार्टरमागच्या लिंबाची चार पानंही चुरगाळून टाकली. वास असा दरवळला, की ओसरीवरून नातू आत आला, पातेल्यात डोकावला आणि आजीकडे वळून म्हणाला, “पाल!”

इथं मला जरा मागे जावं लागेल. इथल्या पहिल्या वर्षी असंच एका पोरानं माझ्या दुधाच्या भांड्याकडे बोट दाखवून “पाल” म्हटलं होतं. मी आढ्याकडे पाहिलं, भांड्यात पाहिलं, आणि कसलाही विचार न करता लिटरभर दूध अंगणात ओतून दिलं. पाल पडलेलं दूध ठेवायचं कसं! पोरगं थक्क होऊन पाहत राहिलं. गोंडी-माडियात ‘पाल’ म्हणजे दूधच, हे मला महिन्यानं कळलं. तमिळमध्येही तेच. त्या बिचाऱ्यानं दुधाला दूध म्हटलं होतं. मराठी शाळेत भाषेचा गोंधळ होतो तो मुलांचा, असं अहवालात लिहितात. मी गप्प बसतो.

तर या वेळी मी न घाबरता जिलेटिन विरघळवलं, वाट्या भरल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. अर्ध्या तासात लाइट गेली. जिलेटिनचा स्वभाव असा, की ते थंडीत बसतं आणि ३०-३५ अंशांना विरघळतं. तोंडात घातल्यावर पन्ना कोट्टा विरघळतो त्यातली खुबी हीच. पण ज्या गावी बंद खोलीतच ३८ अंश असतात, तिथं तो तोंडापर्यंत थांबत नाही. संध्याकाळी आम्ही तिघांनी लिंबाच्या वासाचं गोड दूध पेल्यांतून प्यायलं. म्हणजे आम्ही दोघांनी. आजीनं घेतलं नाही.

तिसरा प्रयोग श्रावणात. आठ दिवस पाऊस लागून राहिला, पर्लकोट्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली, लाइट तीन दिवस बेपत्ता. फ्रिजचं कपाट झालं होतं, मी त्यात हजेरीची पुस्तकं कोरडी ठेवली होती. नदीपलीकडे हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी पुढची कित्येक वर्षं विजेवाचून काढली, रुग्ण कंदिलाच्या उजेडात तपासले. त्याच नदीच्या अलीकडे मी तिसऱ्या दिवशी गोडाचं कसं बसवावं या चिंतेत होतो. चिंतेलाही पात्रता लागते.

तेव्हा चायनाग्रास आठवलं. श्रावणी सोमवारी आई दुधात चायनाग्रास घालून वड्या पाडायची. ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं. एकदा उकळून विरघळवलं, की साध्या हवेतही ३५-४० अंशांच्या आसपास आपण होऊन बसतं, आणि बसलं की ८५ अंशांपर्यंत उठत नाही. फ्रिज नको, लाइट नको, डुक्कर नको. ते तोंडात विरघळणारं नाही, जरा चावावं लागतं, हे कबूल. तोरिनोत नाक मुरडतील. मुरडोत, तिथं पूर कुठे येतो रोज?

दोन तासांत वाट्या घट्ट बसल्या. उपड्या केल्या तर सुटल्याही, पांढऱ्याशुभ्र, वर लिंबाच्या सालीचे पिवळे तुरे. मी आजीला आणि नातवाला हाक मारली. कंदील मधोमध ठेवला. आजीनं या वेळी एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला, आणि वाटी नातवाकडे सरकवली. दुधावरची साय म्हणतात ती त्यानं दोन घासांत संपवली.

“आजी काय म्हणते?”

“म्हणते, दात नसल्यावर चांगलं आहे जी.”

आजीचे सगळे दात शाबूत आहेत.

मग तिनं आणखी काही विचारलं. नातवानं जरा अवघडून सांगितलं, “आजी पुसते, हे कोनाच्या वासराचं?”

जुन्या माडिया घरांत गाय असते, पण तिचं दूध काढत नाहीत. ते वासराचं. हे मी कितीदा ऐकलं होतं, वर्गात परिसर अभ्यासाला सांगितलंही होतं. आता प्रश्न माझ्या वाटीला होता. मी क्रीमचा डबा कंदिलाजवळ धरून फिरवून पाहिला. स्निग्धांश २५ टक्के, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, कंपनीचा पत्ता, तक्रारीचा क्रमांक. वासराचा रकाना कुठेच नव्हता.

“लांबच्या,” मी म्हणालो.

नातवानं सांगितलं. आजीनं मान हलवली आणि पुन्हा विचारलं. “मग त्यानं काय प्यालं?”

मी चायनाग्रासच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला घेतल्या. बराच वेळ वाचल्या. बाहेर पर्लकोट्याचा आवाज येत होता. आजी जाताना तिची पेज माझ्या ओट्यावर ठेवून गेली, पानानं झाकलेली.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं, पाचव्या दिवशी दगडावर उभा राहून भाचीला फोटो पाठवला. उत्तर आलं, “मस्त! पण हलत का नाहीये?” व्हिडिओ नाही, फोटो आहे, असं मी कळवलं.

तर मंडळी, कधी इकडे यायचं ठरवलंत तर साय आणू नका, ती मिळते. जाड सालीची ईडलिंबं दिसली तर चार घेऊन या. आणि पावसाळ्यात येत असाल तर आलापल्लीत थांबून आधी विचारा, पुढचा रस्ता सुरू आहे का.