गिअरची कैफियत

जालना जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवरून भर पावसाळ्यात जे चालते त्यालाच वाहन म्हणावे, बाकीच्यांची गणना स्थावर मालमत्तेत करावी, असे माझे अनुभवसिद्ध मत आहे. ही जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि या दोन अवस्थांच्या मधल्या काळात चाकाला, चपलेला व बैलाच्या खुराला सारख्याच ममतेने चिकटून बसते. तेव्हा अंबड तालुक्यातील आमच्या मोसंबीच्या मळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सेवेसाठी जन्मलेल्या आणि पुढे शेतकऱ्यांच्या पदरी पडलेल्या जीप नामक वाहनाच्या एका जुन्या प्रतिनिधीला आम्ही आश्रय दिला, यात नवल नाही. या वाहनात चालकाच्या डाव्या हाताशी तीन दांडे असतात: एक मुख्य गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांनाही कामाला जुंपणारा आणि तिसरा वेग घटवून जोर वाढवणारा, म्हणजे एक कलेक्टर आणि दोन नायब.

एका आषाढात यांपैकी कलेक्टरांची प्रकृती बिघडली. पहिला गिअर टाकताना करकर होऊ लागली आणि रिव्हर्स टाकताना तर असा आक्रोश होई की शेजारच्या मळ्यातील मंडळी खुरपणी सोडून बांधावर येऊन उभी राहत. माणूस आजारी पडला तर त्याला एकच वैद्य पुरतो. वाहन आजारी पडले की अख्खे गाव वैद्य होते, आणि या वैद्यांची फी चहात वसूल होत असल्यामुळे कोणताही सल्ला त्रोटक असत नाही.

पहिले निदान एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरसाहेबांनी केले. त्यांच्या मते दोष जीपचा नसून चालवणाऱ्यांच्या पिढीचा होता. डबल क्लच मारण्याची, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबण्याची, विद्या लोप पावल्यामुळे गिअर रडतात, हा त्यांचा सिद्धांत. आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्या लव्हासोर नामक फ्रेंच इंजिनिअराने सरकत्या दातेचक्रांची ही योजना मोटारीत रूढ केली, त्यानेच ती रानटी आहे पण चालते, असा शेरा मारल्याचे सांगतात. पुढे १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत दातेचक्रांचे वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची युक्ती आली आणि चालकांचे पाय निम्म्या श्रमातून सुटले. तथापि आमच्या जुन्या जीपच्या पहिल्या व रिव्हर्स गिअरला ही सवलत कधी लागू झाली नाही. एवढे सगळे खरे असूनही एक अडचण उरत होती: डबल क्लच हा धावत्या गाडीचा उपाय, आणि आमची जीप तर जागच्या जागी उभी असतानाच कण्हत होती.

दुसरे निदान धाकट्या मेव्हण्यांचे. गिअर ऑईल घट्ट झाले असावे, असे ते म्हणाले. पौषातल्या पहाटे हे निदान मी शिरसावंद्य मानले असते, कारण थंडीत ऑईल दाटते व गिअर काही काळ जड चालतो. परंतु आषाढातल्या भर दुपारी, अंगावरचा सदरा पिळून काढावा लागत असता, ऑईलच तेवढे गारठले असेल हे पटेना. तिसरे निदान शहरातील एका गॅरेजवाल्याचे. त्याने दांडा एकदा हलवला, डोळे मिटले, आणि ‘बॉक्स उतरवल्याबगर कळायचं नाही, मालक,’ असा निकाल देऊन खर्चाचा असा आकडा सांगितला की त्या वर्षीची अर्धी मोसंबी झाडावरच विकली गेल्याचा भास मला झाला.

यांतील नंतरच्या दोन्ही निदानांत एक गोष्ट समान होती: करकर गिअरबॉक्समधून येते, सबब गुन्हेगार गिअरबॉक्स. ओरडला तो चोर, हा न्याय गावाला मान्य आहे. पण कोणत्याही चौकीवर ओरडत येणारा इसम बहुधा फिर्यादी असतो. त्याची कैफियत उतरून न घेता त्याच्याच हातात बेड्या घालणे आणि क्लचची जबानी न घेता गिअरबॉक्सचा पंचनामा करणे, या दोन्ही कृती एकाच पंक्तीत बसतात.

खुणेवरून अनुमान काढण्याची विद्या या जिल्ह्याला अपरिचित आहे असेही नाही. याच जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली, तीत केळना नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे छातीठोकपणे सांगत असता, समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे वसलेली पाहून, ज्या अर्थी गावे आहेत त्या अर्थी त्यांच्यात ये-जा असणार आणि ये-जा आहे त्या अर्थी उतार असणार, असा तर्क इंग्रज सेनापती वेलस्लीने केला व सैन्य पार नेले. त्या तर्काचे फळ आपल्या लोकांना कडू लागले, ही गोष्ट वेगळी; तर्क मात्र बरोबर होता, आणि त्यासाठी नदी उपसावी लागली नव्हती.

आमच्या प्रकरणात ही रीत अवलंबिली ती अंबडच्या एका वयोवृद्ध उस्तादांनी. त्यांनी प्रथम इंजिन बंद करविले आणि सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहिले. एक अडला, तेव्हा जीप हातभर पुढे ढकलली, दात दातासमोरून सरले आणि तोही निमूटपणे बसला. दांडा, खटके व फोर्क निर्दोष असल्याचे येथेच शाबीत झाले, कारण त्यांच्यात खोट असती तर इंजिन बंद असतानाही गिअर अडून राहिला असता. मग इंजिन सुरू करून त्यांनी क्लचचे पेडल पार तळापर्यंत दाबले, क्षणभर थांबले आणि रिव्हर्स टाकला. पूर्ववत आक्रोश झाला. पेडल दाबूनही बॉक्समधला शाफ्ट फिरतच आहे, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही, हे त्या आक्रोशाचे मराठीत भाषांतर. तरीही खातरजमा म्हणून त्यांनी बॉक्सच्या बाजूचा बूच काढून ऑईलमध्ये बोट बुडवले: ते दुधाळ नव्हते, म्हणजे नाल्याचे पाणी आत शिरले नव्हते; त्यात चकाकणारा कीस नव्हता, म्हणजे दात झिजत नव्हते.

मग उस्ताद जीपखाली शिरले. पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या रॉडाच्या सांध्यांवर आमच्याच मळ्याची काळी माती बसून, उन्हाने वाळून, विटेसारखी झाली होती आणि पिनांची भोके झिजून लांबट झाली होती; त्यामुळे पायाने खर्चलेली चाल निम्म्या वाटेतच गहाळ होत होती, जशी खेड्यासाठी मंजूर झालेली तगाई पूर्वी कचेरीच्या पायऱ्यांवर होत असे. त्यांनी माती खरवडली, पिना बदलल्या, ग्रीस भरले आणि पेडलला सुमारे इंचभर मोकळी चाल ठेवून रॉड बांधला. चाल अधिक ठेवली तर क्लच सुटत नाही, मुळीच न ठेवली तर क्लच घसरतो व बेअरिंग जळते, एवढे शास्त्र त्यांनी हात पुसता पुसता सांगितले. बॉक्स कोणी जागचा हलवलाही नाही, आणि रिव्हर्स गिअर मुकाट्याने पडला.

वाचकांना माझी विनंती इतकीच की, गिअर करकरू लागला तर बॉक्स उतरवण्याचा हुकूम देण्यापूर्वी इंजिन बंद करून एकवार तो टाकून पाहावा. तो बसला तर फिर्याद क्लचकडे वर्ग करावी, गाडी हातभर ढकलूनही न बसला तर गॅरेज गाठावे. दोन्ही पक्षी, सल्लागारांना चहा मात्र निकालानंतरच द्यावा.