तीन शिट्ट्यांचं आत्मपरीक्षण

आमच्या घरात आत्मपरीक्षणाची गरज मला सोडून सगळ्यांना आहे. आणि त्यांच्यापैकी कुणालाच वेळ नसल्यामुळे ते काम त्यांच्या वतीने बरीच वर्षं मीच करत आले आहे. नवरा ओला टॉवेल पलंगावरच का टाकतो, ही सवय त्याच्या आईकडून आली की वडिलांकडून, तिच्यामागे नेमका कुठला सूक्ष्म अहंकार आहे, याचा त्याने स्वतः कधी केला नसेल इतका खोल विचार मी केला आहे. चिरंजीवांच्या आळसावर तर माझा प्रबंध तयार आहे, फक्त गाइड मिळत नाही. आणि यात मी एकटी नाही. दुसऱ्याचं आत्मपरीक्षण करून देण्याची सोय आपल्याकडे घरपोच आणि मोफत असते. शेजारच्या काकू आहेत, लग्नात मानपान चुकलेले मामा आहेत, लोकलमध्ये चौथी सीट मागणारी अनोळखी बाईसुद्धा "जरा स्वतःकडे बघा" असं सांगून जाते. तिचा रोख माझ्या आकारमानावर असतो, पण उपदेश म्हणून तो सॉक्रेटिसच्या तोडीचा आहे.

स्वतःच्या मनाकडे बघण्याचा अधिकृत आदेश आला तो ऑफिसकडून. ताणतणाव कसा हाताळावा या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. महिना मार्च, आणि वेळ ऑफिस सुटल्यावरची. ताण कमी कसा करावा हे ऐकताना डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूरच्या समस्त बायका घड्याळाकडे बघत होत्या. व्याख्याते तरुण होते, त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता आणि त्यांना कुठलीही गाडी पकडायची नव्हती. "तुमचं मन म्हणजे प्रेशर कुकर," ते म्हणाले. हे वाक्य बोलणाऱ्याने सहसा कुकर लावलेला नसतो. आमच्या रांगेतून लगेच कुजबुज झाली, की रिंग सैल असेल तर शिट्टी होतच नाही, त्याचं काय? पण प्रश्नोत्तरांना वेळ नव्हता. शेवटी प्रत्येकीला एक डायरी मिळाली. मुखपृष्ठावर सूर्योदय, आणि प्रत्येक पानावर छापलेला प्रश्न : ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?’ मी काही लिहिण्याआधीच सासूबाईंनी ती दुधाच्या हिशेबाला घेतली. त्यामुळे आमच्या डायरीत ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?’ या प्रश्नाखाली ‘दीड लिटर, खाडा नाही’ असं उत्तर आहे. इतकं स्वच्छ उत्तर मला आजतागायत जमलेलं नाही.

व्याख्यात्यांची दुसरी सूचना होती, रोज पंधरा मिनिटं एकटीने शांत बसा. ऐकायला सोपं वाटतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन यांनी माणसांना खरोखरच पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. सोबतीला फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार आणि एक बटण. बटण दाबलं की विजेचा झटका बसायचा. हा झटका टळणार असेल तर आम्ही पदरचे पैसे देऊ, असं हीच मंडळी आधी म्हणाली होती. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी निदान एकदा तरी बटण दाबलं. एका गृहस्थाने तर १९० वेळा दाबलं. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. मला नवल वाटलं ते पंधरा मिनिटं रिकामी खोली मिळाल्याचं. आमच्याकडे मी दार लोटून बसले, तर पहिल्या मिनिटाला सासूबाई "बरं नाही का गं?" म्हणून आल्या. दुसऱ्या मिनिटाला चिरंजीव "आई, जेवायला काय आहे?" म्हणून आले. तिसऱ्या मिनिटाला नवरा दारात उभा राहून हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का?" म्हणजे मी शांत बसले तरी आत्मपरीक्षण सुरू झालं ते त्याचं. पलंगावरचा टॉवेल त्याने न सांगता उचलला. बटण न दाबता झटका बसण्याचं हे आमच्या घरातलं पहिलंच उदाहरण.

खरी अडचण मात्र घरच्यांची नव्हती. एकांत मिळाल्यावर मन काय करतं, ही होती. मला वाटलं होतं, मन अंतर्मुख होईल. ते थेट गणपतीत गेलं. आमच्या नणंदबाईंनी सर्वांदेखत म्हटलं होतं, "मोदक छान झालेत हो वहिनी. फक्त कळ्या जरा कमी पडल्या." एवढंच. पण त्या ‘फक्त’वर मी अनंत चतुर्दशी ओलांडून थेट पितृपक्षात पोचले. मनातल्या मनात मी ताईंना किती उत्तरं दिली! काही सोज्ज्वळ होती, काही खोचक, आणि एक तर असं बिनतोड होतं की गाडीत मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारची बाई घाबरून सरकली आणि चौथ्या सीटला प्रथमच ऐसपैस जागा झाली. हे उत्तर सुचलं तेव्हा गाडी दिवा स्टेशनात होती. स्टेशन नावाला जागलं, पण वादी-प्रतिवादी केव्हाच आपापल्या घरी गेले होते.

या उद्योगाला मी इतके दिवस चिंतन समजत होते. सुसान नोलेन-होक्सेमा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच उद्योगाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. योगायोगाने त्याआधी थोडेच दिवस त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद करून ठेवली होती. भूकंपानंतर पुन्हा पाहिलं, तर वाईट वाटलं की तेच तेच उगाळत बसण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, ती मुलं इतरांपेक्षा जास्त खचलेली निघाली. म्हणजे स्वतःबद्दल विचार करणं वेगळं आणि स्वतःबद्दल दळण दळणं वेगळं. दळणातून पीठ तरी निघतं, यातून तेही नाही. आणि त्या मुलांकडे निदान भूकंप होता. माझ्याकडे मोदकाच्या कळ्या होत्या.

मग थोरामोठ्यांनी हे कसं जमवलं, याची चौकशी केली. सेनेका हा रोमन तत्त्ववेत्ता रागावरच्या आपल्या ग्रंथात सांगतो, की रात्री दिवा मालवला आणि त्याची सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली, की तो दिवसभराच्या वागण्याचा झाडा घेतो. अमक्याशी जरा जास्तच कडक बोललास, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं, असं तो स्वतःलाच बजावतो. वाचून बरं वाटलं. पण माझं लक्ष त्या गप्प झालेल्या बायकोकडे गेलं. ती नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाला मान देऊन गप्प होती, असं सेनेकाला वाटतं. मला खात्री आहे, ती उद्या सकाळी कोण कोण जेवायला आहे याची मोजणी करत होती. शिवाय हा सेनेका नीरोचा शिक्षक. इतकं रोजचं आत्मपरीक्षण करणाऱ्या माणसाच्या हाताखालून नीरो तयार होतो, हे वाचल्यापासून चिरंजीवांबद्दलची माझी अपराधी भावना पुष्कळ कमी झाली.

बेंजामिन फ्रँकलिनची तऱ्हा आणखी वेगळी. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, वहीत रकाने आखले आणि चुकेल त्या रकान्यात काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. एका आठवड्याला एक सद्गुण, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षाला चार. माझ्यासारख्या मस्टर ठेवणाऱ्या बाईला हा माणूस एकदम जवळचा वाटला. त्याला सर्वांत जड गेलेला गुण होता टापटीप. म्हणजे वीज आकाशातून खाली आणणाऱ्या माणसालाही आपले कागद जागेवर ठेवता येत नव्हते! मी ते पान नवऱ्याला दाखवलं नाही. पुढचे टॉवेल त्याने फ्रँकलिनच्या नावावर टाकले असते.

उपयोगी पडला तो अल्बर्ट एलिस. या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचा गाभा सेनेकासारख्या जुन्या स्टोइक मंडळींचाच आहे. आपल्याला घटना छळत नाहीत, घटनेवर आपण केलेली टिप्पणी छळते. म्हणून घटना, त्या वेळी मनात आलेला विचार आणि त्यातून झालेली अवस्था, हे तिन्ही वेगवेगळं लिहायचं. मी लिहिलं. घटना : ताई म्हणाल्या, कळ्या कमी पडल्या. अवस्था : पंधरवडाभर डोकं तापलेलं, भाजीत दोनदा मीठ. मधला विचार सापडायला वेळ लागला, कारण तो लिहिताना मलाच हसू यायला लागलं : ‘माझे मोदक सर्व नातेवाइकांना सर्व बाजूंनी आवडलेच पाहिजेत, नाहीतर माझ्या संसाराला अर्थ नाही.’ मनात असताना हे वाक्य राज्यघटनेच्या कलमासारखं भारदस्त वाटत होतं. कागदावर उतरल्यावर त्याची सगळी हवा गेली.

एलिस नुसतं लिहून थांबणाऱ्यातला नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची भीती वाटायची. म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी जाऊन बोलायचं ठरवलं. महिनाभरात तो १३० जणींच्या शेजारी जाऊन बसला. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली, असं तो स्वतःच सांगत असे. आपल्याकडे हा प्रयोग करू नये, उद्यानाच्या वॉचमनला विवेकनिष्ठ पद्धत ठाऊक नसते. पण धडा घेण्यासारखा आहे. मनात जे सापडलं, ते बाहेर जाऊन एकदा तपासून पाहावं. मी अंगारकीला ताईंना फोन केला आणि म्हटलं, "ताई, या आणि मला कळ्या शिकवा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाल्या, "अगं वहिनी, मी तर हल्ली बाहेरूनच मागवते. उकड जमत नाही मला आता, मनगट दुखतं." या माहितीचा शस्त्र म्हणून वापर करण्याचा मोह मी आवरला, आणि माझी आत्मिक प्रगती झाली असेल तर ती एवढीच. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तुम्हाला सोडून.

या सगळ्यात एक युक्ती मात्र आमच्याच घरातली निघाली. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की कसोटीच्या प्रसंगी स्वतःशी ‘मी मी’ करत बोलण्यापेक्षा स्वतःला नावाने हाक मारून बोललं, तर माणूस कमी घाबरतो आणि मागाहून कमी कुढतो. मी हे मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "यात नवीन काय? समर्थांनी मनाला हाका मारून दोनशे पाच श्लोक सांगितले, ते तुला शाळेत पाठ होते ना?" होते. बक्षीसही मिळालं होतं, स्टीलचा पेला. मनाला समोर बसवून, वडीलधाऱ्याच्या मायेने आणि धाकाने बोलायचं, हे पेला मिळाला तेव्हा कळलं असतं तर डायरी वाचली असती.

मीही मग स्वतःला हाक मारायला लागले. प्रश्न आला, कुठल्या नावाने? लग्नात माझं नाव बदललं होतं. सासरच्या नावाने हाक मारली की मी मनातल्या मनातसुद्धा "आले आले" म्हणत उठते आणि गॅसकडे जाते. माहेरच्या नावाने मारली की पाय पोटाशी घेऊन ऐकत बसते. म्हणून हिशेब सगळा माहेरच्या नावाने होतो. "काय झालं? तू त्यावर काय म्हणालीस? उद्या काय करणार?" एवढे तीन प्रश्न. चौथा प्रश्न, "पण ती असं म्हणालीच कशी?", हा कामकाजातून काढून टाकला आहे. या व्यवहारातून झालेली वाढ काही डोळ्यांत भरण्यासारखी नाही. पूर्वी एक टोमणा मला गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरायचा, आता तो ठाण्याच्या पुढे टिकत नाही. सणासुदीचा, ठेवणीतला टोमणा असेल तर फार तर कल्याणपर्यंत.

राहिला वेळेचा प्रश्न, तो कुकरने सोडवला. व्याख्यात्यांनी सांगितला तो नव्हे, ओट्यावरचा. संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लावला की मी वही उघडते. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी फिरकत नाही, न जाणो कोथिंबीर निवडायला लावली तर! पहिल्या शिट्टीला काय झालं, दुसरीला मी त्यावर काय म्हटलं, तिसरीला उद्या काय. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद, वही बंद. उगाळायला वाफच शिल्लक राहत नाही. फक्त छोल्यांच्या दिवशी मी वहीला हात लावत नाही. छोल्यांना इतक्या शिट्ट्या लागतात की मन तिसरीनंतर मोकाट सुटतं, सातवीपर्यंत माझ्या लग्नातल्या रुखवतावर पोचतं, आणि मग त्या दिवशीचे छोले कुणालाच पचत नाहीत.