आज्ञार्थी मास्तर

तालुक्याच्या गावी हायस्कूल असले, की त्यात एक चित्रकलेचे मास्तर, एक ड्रिलचे मास्तर, एक शास्त्रीबुवा आणि एक इंग्रजी व्याकरणाचे सर असावयाचेच, अशी तजवीज शिक्षणखात्याच्या कोणत्या परिपत्रकान्वये झाली हे सांगता येणार नाही. परंतु सावंतवाडीपासून चोपड्यापर्यंत ज्याने म्हणून मॅट्रिकची परीक्षा दिली आहे, त्याला या चौथ्या गृहस्थाची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. कोपरांवर झिजून तुळतुळीत झालेला बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, वरच्या खिशात एक निळ्या आणि एक तांबड्या शाईचे पेन, काखेत रेन आणि मार्टिन या जोडगोळीचे खाकी कागदाचे कव्हर घातलेले व्याकरण, आणि साहेब विलायतेस जाताना इंग्रजी भाषेचा कारभार दप्तरासह आपल्याच स्वाधीन करून गेला आहे अशी मुद्रेवरील खातरजमा, एवढ्या सामग्रीनिशी हे गृहस्थ वर्गात प्रवेश करीत. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवावे असे ठरले, आणि आठवी ते अकरावी एवढ्या अवधीत एका परक्या भाषेचा संपूर्ण मुलूख मुलांकडून सर करवून घेण्याची कामगिरी या मास्तरांच्या अंगावर येऊन पडली. नामे, सर्वनामे, उपपदे, शब्दयोगी अव्यये या सर्वांना ते न्यायाने वागवीत. पण त्यांचा खरा जीव होता तो आज्ञार्थी वाक्यावर. ज्या मनुष्याला उभ्या आयुष्यात कोणास हुकूम सोडण्याचा योग आला नाही आणि चुकून सोडलाच तर तो कोणी ऐकला नाही, त्याने हुकुमाच्या व्याकरणात पारंगत व्हावे, हा योगायोग नव्हे. ती नियतीने केलेली भरपाई होय.

आठवीच्या वर्गात फळ्यावर सुवाच्य अक्षरांत ‘ओपन द डोअर’ हे वाक्य लिहून ते विचारीत, “कर्ता कोठे आहे?” मुले भाबडेपणाने दरवाजाकडे पाहत. मग ते समजावून सांगत, की या वाक्याचा कर्ता ‘यू’ हा असून तो अध्याहृत आहे. हुकूम सोडणारा समोर उभा, हुकूम झेलणारा समोर उभा, अशा वेळी नाव घेण्याचे प्रयोजन काय? क्रियापद येथे आपल्या मूळ रूपात उभे असते; त्याला काळ नाही, वचन नाही, प्रत्यय नाही. जे ‘बी’ हे क्रियापद अन्यत्र ‘डू’चे साहाय्य कदापि घेत नाही, तेसुद्धा नकारार्थी आज्ञेत ‘डोन्ट बी लेट’ असे निमूटपणे ‘डू’च्या आश्रयास येते, हे सांगताना तर एखादा मानी सरदार तहास कबूल झाल्याची वार्ता सांगावी तसा त्यांचा स्वर चढत असे. हे विवेचन ऐन रंगात आलेले असताना बाहेर उशिरा आलेला कोणी मुलगा बंद दारावर हलकेच टकटक करीत असे. सर फळ्यावरील वाक्याकडे छडी दाखवून वर्गाला उद्देशून ‘ओपन द डोअर’ असे स्वच्छ उच्चारांत म्हणत. वर्ग एका सुरात ‘ओपन द डोअर’ असे त्यांच्यामागून म्हणे. पुन्हा टकटक होई. पुन्हा वर्ग म्हणे. आणि अखेरीस स्वतः सरच जाऊन कडी काढीत व उपदेशपर आज्ञार्थाचे उदाहरण म्हणून त्या मुलाला ‘डोन्ट बी लेट’ असे ऐकवून परत येत.

आज्ञार्थी वाक्याचा प्रयोग बदलणे हा त्यांच्या अध्यापनातील परमोच्च क्षण. ‘ओपन द डोअर’चे कर्मणी रूप ‘लेट द डोअर बी ओपन्ड’ असे होते, हा सिद्धान्त ते वर्षानुवर्षे इतक्या निष्ठेने घोकून घेत असत, की मुलांनी त्यांचे नाव ‘लेट सर’ असे ठेविले होते. आणि जे गृहस्थ प्रार्थनेच्या घंटेपूर्वी शाळेच्या पायरीवर हजर असत, त्यांना हे नाव का पडले, याचा उलगडा नव्याने रुजू होणाऱ्या हेडमास्तरांना सहामाही परीक्षेपर्यंत होत नसे. इंग्लंडात कोणा मनुष्याने कोणा मनुष्याला दार उघडण्यास या शब्दांत सांगितले असेल काय, अशी शंका एखाद्या आगाऊ मुलाने काढली तर सर म्हणत, “इंग्लंडचे मला ठाऊक नाही, परीक्षेत सांगितले आहे.” त्यांच्या दृष्टीने रेन आणि मार्टिन यांचा १९३५ च्या सुमाराचा तो ग्रंथ स्मृतीच्या योग्यतेचा होता. त्यांपैकी रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात चाकरी करून गेलेला असामी असून, त्यानेच १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवरची कादंबरी लिहून नाव मिळविले, ही हकीकत ते अभिमानाने सांगत. आणि ज्या पलटणीत हुकुमाशिवाय पान हलत नाही तिचे वर्णन करणारी लेखणीच आज्ञार्थावर अधिकारवाणीने लिहू शकते, असा निष्कर्ष काढून मोकळे होत. एकदा घरी भर दुपारी उन्हातून येऊन त्यांनी सवयीप्रमाणे बाहेरून “दार उघडले जाऊ दे,” असे म्हटले, तेव्हा आतून तितक्याच शांतपणे “कोणाकडून?” असा प्रश्न आला, आणि कर्मणी प्रयोगात कर्ता गाळण्याचे सर्व धोके त्यांना ओसरीवर उभ्या उभ्या कळून आले.

अप्रत्यक्ष कथनाचे प्रकरण तर याहून नाजूक. तेथे ‘सेड टु’ काढून त्या जागी ‘ऑर्डर्ड’ घालावयाचे, की ‘रिक्वेस्टेड’, की ‘अ‍ॅडव्हाइज्ड’, की ‘बेग्ड’, हे वाक्याच्या रूपावरून कळतच नाही. बोलणाऱ्याचा हुद्दा पाहून ठरवावे लागते. मामलेदार शिपायाला पाणी आण म्हणाला तर ‘ऑर्डर्ड’. शिपायाने मामलेदाराला रजा द्या म्हटले तर ‘रिक्वेस्टेड’. डॉक्टर रोग्याला तेलकट खाऊ नका म्हणाला तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड’. भिकारी सावकाराला पैसा द्या म्हणाला तर ‘बेग्ड’. देवाची प्रार्थनासुद्धा व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञार्थीच वाक्यात होते, म्हणजे ज्याच्यापुढे नाक घासावयाचे त्यालाही क्रियापदाचे तेच रूप आणि ज्याला कामास लावावयाचे त्यालाही तेच. याच प्रकरणी मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, आई बाबांना म्हणाली, ‘येताना भाजी आणा.’ इथे काय घालायचं? ऑर्डर्ड की रिक्वेस्टेड?” सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “हे परीक्षेत येत नाही. बैस.”

शाळा सुटल्यावरही त्यांचे हे अध्ययन सुटत नसे. रस्त्यावरील, स्टेशनावरील, पोस्टातील प्रत्येक पाटी ही त्यांच्या लेखी एक तपासावयाची वही होती. आगगाडीच्या डब्यातील ‘टु स्टॉप ट्रेन पुल चेन’ ही सूचना हे त्यांचे लाडके उदाहरण. येथे हेतू आधी आणि आज्ञा मागाहून कशी येते हे सहलीस निघालेल्या मुलांना ते इतक्या तन्मयतेने समजावून देत होते, की एका आज्ञाधारक विद्यार्थ्याचा हात साखळीपर्यंत पोहोचलेला त्यांच्या ध्यानात आला नाही. शेजारच्या प्रवाशाने तो वेळीच धरला म्हणून बरे. मात्र मालमोटारीच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या तीन शब्दांनी त्यांना आयुष्यभर छळले. ‘प्लीज’ आहे, म्हणजे विनंतीपर आज्ञार्थ असला पाहिजे. पण मग क्रियापद कोठे आहे? ‘हॉर्न’ला क्रियापद मानावे, तर मध्ये तो ‘ओके’ कोणत्या विभक्तीत उभा आहे? एस. टी.च्या प्रतीक्षेत उभे असता समोरून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीकडे ते व्याकुळ नजरेने पाहत राहत. पुढे २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी वाहनांवर हे शब्द रंगविण्यास मनाई केली. कारण दिले ते कर्णकर्कश आवाजाचे. पण सर हयात असते तर व्याकरणाची फिर्याद निकालात निघाली असे समजून त्यांनी आळीत पेढे वाटले असते.

मराठीकडे ते वळत ते केवळ इंग्रजीची कीव करण्यापुरते. आपल्याकडे ये, या, यावे, येण्याचे करावे अशी चढती श्रेणी आहे. समोरचा मनुष्य कोण, त्याचे वय काय, त्याच्याकडे आपले काम किती अडले आहे, हे सर्व क्रियापदाच्या शेवटावरून कळते. साहेबापाशी मात्र कुत्र्यालाही ‘सिट’ आणि कलेक्टरालाही ‘सिट’. फरक काय तो ‘प्लीज’चा. शिवाय इतका रोखठोक हुकूम सोडून झाल्यावर शेवटी ‘विल यू?’ अशी पुस्ती जोडण्याची साहेबाची रीत पाहून सरांना त्याची फारच दया येई. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा दाखला देऊन ते असेही सांगत, की मराठीत आज्ञार्थाला प्रथम पुरुषही असतो: ‘मी जाऊ?’ स्वतःच स्वतःला आज्ञा करावयाची वेळ आली, की मराठी मनुष्य ती न करता दुसऱ्याची परवानगी मागतो, ही गोष्ट अन्य वैयाकरणांनी पुस्तकात वाचली असेल. सरांच्या संसारात ती चालू वर्तमानकाळात होती. “मी जाऊ?”, “चहा घेऊ?”, “वर्तमानपत्र आधी मी वाचू?” अशा प्रथमपुरुषी आज्ञार्थांत त्यांचा घरातील सारा दिवस जाई.

आणि ज्या माउलीच्या हाती त्या घराची सत्ता होती, तिने आज्ञार्थ कधी तोंडातून काढला नाही. ती केवळ विधाने करी. “दळण संपलंय,” असे ती भिंतीकडे पाहून म्हणे, आणि सर कोट अडकवून पत्र्याचा डबा उचलीत. “घासलेटची रांग आज लहान आहे म्हणतात,” असे ऐकू येई, आणि सर चपला शोधू लागत. या वाक्यांना पृथक्करणाच्या कोणत्याही नियमाने आज्ञार्थी ठरविता आले नसते, ‘विल यू?’ची पुस्ती नाही, ‘प्लीज’ नाही, अध्याहृत कर्तासुद्धा नाही. परंतु कर्ता कोण आहे याविषयी घरात कोणाला संदेह नव्हता. शाळेतही तोच न्याय. पटांगणावर ड्रिलचे मास्तर, ज्यांना क्रियापद आणि क्रियाविशेषण यांतला भेद सेवानिवृत्त होईपर्यंत कळला नाही, ते नुसते “सावधान!” म्हणून ओरडले, की दोनशे टाचा एकदम जुळत. सर खिडकीतून पाहत आणि हळहळत: “वाक्यात क्रियापदच नाही, आणि तरी मुले उभी राहिली!”

निवृत्तीनंतर त्यांच्या पेन्शनीच्या कागदांनी एका कचेरीत मुक्काम ठोकला. सरांनी अर्ज केला. आरंभी विनंती, मध्ये उपदेश, अखेरीस ‘काइंडली डू द नीडफुल’ असा आज्ञार्थाच्या तिन्ही प्रकारांचा मनोहर संगम त्यात साधला होता. कागद साहेबांच्या मेजावर गेला व समासात ‘प्लीज स्पीक’ असा शेरा घेऊन खाली उतरला. कोणी बोलावे? कोणाशी बोलावे? कर्ता अध्याहृत, त्यामुळे बड्या कारकुनाने तो कर्ता धाकट्या कारकुनास समजून कागद पुढे सरकविला, धाकट्याने त्याच सद्भावनेने तो आवक शाखेकडे परत धाडिला, आणि आवक शाखेने नवा क्रमांक घालून पुनश्च वर चढविला. सर चौकशीस जात तेव्हा खिडकीतून “उद्या या” असे उत्तर मिळे. आणि या पृथ्वीतलावर आज्ञार्थी वाक्याचे तंतोतंत पालन कोणी केले असेल तर ते सरांनी, कारण दुसऱ्या दिवशी ते न चुकता तेथे उभे असत.

एके दिवशी आत बोलावणे आले. खुर्चीवर त्यांचाच एक विद्यार्थी होता, बहुधा तो मागच्या बाकावरचाच. त्याने उठून वाकून नमस्कार केला, चहा मागविला आणि टंकलिखित पत्र हाती ठेविले: आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे, असे आपणांस कळविण्यात येत आहे. सरांनी ते पत्र एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले, आणि त्यांचा चेहरा उजळला. घेण्यात आली, करण्यात येत आहे, कळविण्यात येत आहे. तीन क्रियापदे, तिन्ही कर्मणी वळणाची, आणि औषधालाही कर्ता नाही! वरच्या खिशातील तांबडे पेन काढून त्यांनी तेथल्या तेथे समासात दहापैकी नऊ गुण दिले, शिष्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी येऊन पत्नीस ते पत्र भाषांतरासह वाचून दाखविले. ती तांदूळ निवडीत होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि मान वर न करता म्हणाली, “म्हणजे पैसे आले नाहीत.” सरांनी पत्राची घडी खिशात घातली, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेविली आणि मुकाट्याने पुन्हा कचेरीचा रस्ता धरला.